तुतनखामुनचा खजिना जपानकडे गहाण पडलेला नाही

काल रात्री साडेअकराला मावशीचा फोन. फेब्रुवारीत तिला इजिप्तला जायचंय, टूरचे सगळे पैसे भरून झालेत, आणि विचारते काय तर "अगं, खरं सोनं जपानला गेलं म्हणतात, मग आम्ही एवढे पैसे खर्चून नकली वस्तू बघायला जायचं का?" तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. त्यात लिहिलंय की गिझाचं नवं म्युझियम (ग्रँड इजिप्शियन म्युझियम) जपानने विकत घेतलं, त्या बदल्यात तुतनखामुन या प्राचीन राजाच्या कबरीतला खरा खजिना टोकियोला नेला, काचेत आहेत ते डुप्लिकेट, इजिप्तच्या लोकांना स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून सगळं काम परदेशी माणसं करतात, आणि राजाची कबर उघडणाऱ्याला शाप लागतो या भीतीने तिथल्या कुणी पैसाच दिला नाही. खाली "अकरा जणांना पाठवा". दोन दिवसांत हाच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

पैशाचं आधी. जपानचा पैसा आहे, खूप आहे, हे मान्य. जायकाने, म्हणजे परदेशांना कर्ज देणाऱ्या जपानच्या सरकारी संस्थेने, २००६ आणि २०१६ असं दोनदा मिळून सुमारे ८४ अब्ज येन दिले आणि एक अब्ज डॉलरच्या वर गेलेल्या खर्चातला मोठा हिस्सा त्यातून भागला. पण ते कर्ज आहे, इजिप्तचं सरकार ते फेडणार आहे, आणि कर्ज देणारा मालक होत नाही. आपला अटल सेतू, मेट्रो ३, दोन्हीकडे जायकाचंच कर्ज आहे. ते सोडा, अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाला आणि तिथल्या रस्ते-पाण्याच्या कामाला १९९० च्या दशकापासून दोन टप्प्यांत जपानी कर्ज आलंय, म्हणून पहिल्या लेणीतला पद्मपाणी कुणी टोकियोला नेला का? कर्ज देणारा वेगळा, डिझाइन करणारा वेगळा, बांधणारा वेगळा, मालक वेगळा. आराखडा डब्लिनच्या हेनेघन पेंग यांचा, २००३ च्या स्पर्धेतून निवडलेला, बांधकाम बेल्जियमची बेसिक्स आणि इजिप्तची ओरास्कॉम यांनी मिळून केलं, आणि मालक इजिप्त सरकार. फॉरवर्डवाल्याने या सगळ्यांचं एकच कडबोळं केलंय.

आता ते "खरा खजिना टोकियोला" वालं, कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. इजिप्तमध्ये १९८३ चा ११७ क्रमांकाचा कायदा आहे. त्यानुसार पुरातन वस्तू ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिची खरेदी-विक्री बंद. उत्खनन करणाऱ्या परदेशी पथकांना थोडा वाटा द्यायची जी फट उरली होती तीही २०१० च्या दुरुस्तीने बुजवली. म्हणजे जी वस्तू विकताच येत नाही ती कर्जाच्या बदल्यात देणार कशी? आणि तुतनखामुनच्या बाबतीत तर हा देश आधीपासूनच हट्टाने उभा राहिलाय. पूर्वी सापडलेल्या वस्तूंची वाटणी व्हायची, बर्लिनमधला इजिप्तच्या नेफरतिती राणीचा अर्धपुतळा १९१३ च्या अशाच वाटणीतून गेलेला. पण १९२२ मध्ये ही कबर सापडली तेव्हा इजिप्तने वाटणी नाकारली, उत्खननाचा खर्च करणाऱ्या ब्रिटिश लॉर्ड कार्नारव्हनच्या कुटुंबाला १९३० मध्ये सुमारे ३६ हजार पौंड देऊन मोकळे झाले आणि खजिना देशातच ठेवला. काही किरकोळ वस्तू गुपचूप बाहेर गेल्या, हे खरंय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यातल्या १९ परत द्यायचं २०१० मध्ये कबूल केलं. म्हणजे वस्तू परत येतायत, बाहेर जात नाहीयेत.

तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा जपानला गेला होता, तेही खरं, पण १९६५-६६ मध्ये, प्रदर्शनासाठी, आणि परत आला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक तेच कुठेतरी वाचलं असावं.

सगळ्यात राग आला तो "त्यांना सांभाळता येत नाही" याचा. २०१४ मध्ये कैरोच्या जुन्या म्युझियममध्ये मुखवट्याची दाढी निखळली आणि तिथल्या लोकांनी ती एपॉक्सी गोंदाने चिकटवली, हे झालं, लाजिरवाणं झालं, त्यावर खटलाही चालला. पुढच्या वर्षी जर्मन आणि इजिप्शियन तज्ज्ञांनी मिळून ती काढून मधमाशांच्या मेणाने पुन्हा बसवली. पण त्या एका चुकीवरून अख्ख्या देशाला अडाणी ठरवायचं? नव्या म्युझियमचं संवर्धन केंद्र २०१० पासून, म्हणजे मुख्य इमारत उघडायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जायकाने २००८ पासून तिथल्या लोकांना ट्रेनिंग दिलं, आणि नंतरच्या संयुक्त प्रकल्पात पलंग, रथ, कपडे, भित्तिचित्रं अशा ७२ वस्तू निवडून दोन्ही देशांची माणसं शेजारी बसून काम करत होती. तीन हजार वर्षांपूर्वीचं कापड हाताळायचं, जोरात श्वास सोडतानाही विचार करावा लागेल असलं काम! ते करणाऱ्या इजिप्शियन मुलामुलींना आपण इथे सोफ्यावर बसून नालायक ठरवायचं, हे मला सहन होत नाही.

शापाबद्दल एवढंच की कार्नारव्हन १९२३ मध्ये डास चावलेल्या जागी जखम चिघळून गेला, आणि ज्याने कबर शोधली तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला.

आणि मावशी, तुझ्यासाठी. तिकीट कॅन्सल करू नकोस. म्युझियमचं अधिकृत उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ ला झालं आणि कबरीतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एका जागी मांडल्यात, त्यासाठी वेळ ठेव. फक्त तुतनखामुनची ममी तिथे शोधत बसू नकोस, ती लुक्सरला त्याच्या कबरीतच आहे, आणि इतर बऱ्याच राजांच्या ममी कैरोतच फुस्तातच्या म्युझियममध्ये. तुमच्या टूरमध्ये फुस्तात आहे का ते उद्याच विचारून घे.