नानाभाऊचा ओटा आणि ठेल्यावरचे इंजिनिअर

बजेट 60 हजार आणि सल्लागार पाच, त्यातल्या चौघांनी आयुष्यात कधी भाकर थापलेली नाही. नानाभाऊच्या सैपाकघराचा विषय आमच्या पानठेल्यावर असा निघाला.

दर्यापूरच्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा लागतो, तिथं हा ठेला. बाजूला कोणत्या तरी कामातून उरलेले सिमेंटचे दोन पाइप पडून आहेत, तेच आमचं बसायचं ठिकाण. संध्याकाळी खर्रा घोटला जातो तसा विषयही घोटला जातो. त्या दिवशी नानाभाऊनं हरभरा विकल्याचं सांगितलं आणि वर बोलून गेला, "औंदा सैपाकघर करतो म्हन्तो." एवढं पुरे होतं.

पहिला बोलला कंडक्टर. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. "मॉड्युलर कर. म्या पुन्याले पोराकडं पायलं. खट् दाबलं का ट्रॉली भायेर. भांडं दिसत नाई का डबा दिसत नाई. सैपाकघर हाय का ब्यांक हाय, समजत नाई."

"तुहा पोरगा पाचव्या माळ्यावर रायते," मिस्त्री म्हणाला. "इथं त्या ट्रॉलीच्या मांगं उंदीर बाळंत होईन, अन् पिलं काढाले मलेच बलावसान."

मिस्त्रीचा मुद्दा उंदरावर थांबत नाही. स्वस्तातलं मॉड्युलर म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली पाटी. वरून गुळगुळीत, पण कडेनं पाणी आत शिरलं की फुगते आणि मग बिजागरीचा स्क्रू धरत नाही. आमच्याकडं फरशी धुवायची म्हणजे बादली ओतून खराटा मारायचा, पोछा फिरवायची पद्धत नाही. टिकाऊ काम हवं तर 'आयएस 710' छापाचा मरीन प्लाय घ्यावा लागतो, आणि तो सगळीकडं लावला तर 60 हजारांतले खिडकीला आणि नळाला किती उरतात ते कंडक्टरनं सांगावं. त्यानं सांगितलं नाही. मिस्त्रीचं म्हणणं, विटांच्या उभ्या भिंती आणि त्यावर कडप्प्याच्या फळ्या. उदई लागत नाही, सडत नाही, धुता येते.

"अन् म्होरं पडदा लावाचा का? बाईच्या जुन्या लुगड्याचा?" कंडक्टर.

"लुगड्याचा लाव नाई तं जरीचा लाव. फळी तं मोडनार नाई."

इथं गुरुजी मध्ये पडले. गुरुजी बोलायला लागले की ठेलेवाला रेडिओ बंद करतो. "दाराचं आन् पडद्याचं मंग पाहू," ते म्हणाले, "नाना, तुह्या घरचा लोना कुठपर्यंत चढला?"

नानाभाऊनं गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यावर हात ठेवला.

हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत, खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. ते विटांतून भिंतीत वर चढतं, वाळतं, आणि मीठ मागं राहतं. ते मीठ फुलतं तेव्हा प्लास्टरचे पोपडे निघतात. नानाभाऊनं दिवाळीआधी त्याच भिंतीवर पुट्टी मारून गुलाबी रंग दिला होता. होळीला तो रंग परातीत झाडून भरावा लागला. अशा भिंतीवर टाइल बसवली तर काही दिवस चिकटून राहील, मग मीठ तिलाही ढकलेल.

"मीठ खालून येते अन् तुमी वरतून पावडर लावता," मिस्त्री म्हणाला. या बाबतीत गुरुजी आणि मिस्त्री एका बाजूला आले, जे एरवी होत नाही. कमरेपर्यंतचं प्लास्टर विटेपर्यंत खरवडायचं, भिंत उन्हात चांगली वाळू द्यायची, मग गोड्या पाण्यानं नवं प्लास्टर. टाइल फक्त शेगडी आणि सिंकच्या मागं दोन फूट, जिथं फोडणी उडते. बाकी भिंतीला साधा चुना. पोपडा निघाला तर पुन्हा मारता येतो, खर्च बादलीभर.

गोड्या पाण्यावर गुरुजींनी जोर दिला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गावात बरेच लोक बोअरच्या पाण्यात सिमेंट कालवतात, कारण नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं ते पिण्यासाठी जपून वापरायचं. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्लॅबमधल्या लोखंडाला गंज आणतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. आमच्या गावात छज्जे खालून उकललेले दिसतात, लाल सळ्या बाहेर आलेल्या, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. म्हणून नळ येईल तेव्हा दोन ड्रम भरून ठेवायचे, माल कालवायला तेच आणि तराईलाही, म्हणजे नव्या सिमेंटवर पाणी मारायलाही, तेच. "प्याच्या पान्यात सिमिट कालवतेत म्हून बुढी बोंबलन," नानाभाऊ म्हणाला. बोंबलेलच.

मग जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत हात जातो. तिच्यावरच फरशी टाकली की दोन पावसाळ्यांत ती कुबड काढते. मिस्त्री म्हणाला, निदान ओट्याखालची आणि दारापुढची माती काढून मुरूम भर, पाणी मारून धुम्मस कर, मग फरशी. कंडक्टरला हा पैसा जमिनीत पुरल्यासारखा वाटला. मला वाटतं 60 हजारांतला पहिला पैसा तिथंच जावा. दिसणाऱ्या वस्तू मागून घेता येतात, पण ओटा उभा झाल्यावर खालची माती कोणी काढत नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. भांडण लागलं ते 'कधी' यावर.

नानाभाऊच्या सैपाकघराला लागून जी खोली आहे, तिथं आढ्यापर्यंत कापूस भरलेला आहे. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं 8110 आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये. व्यापारी त्याच्या खाली मागतो, म्हणून नानाभाऊ थांबलाय. भिंत खरवडायची तर धूळ कापसात जाणार, आणि कापूस घरात असताना परसातली चूल पेटवायची म्हणजे बुढीला झोप नाही. कापूस निघाला की चैत्र. चैत्रात कुरड्या, पापड, सरगुंडे. बायांचं वर्षाचं वाळवण त्याच ओट्यावर आणि त्याच अंगणात. वैशाखात नात्यातली दोन लग्नं. मग मिरग लागतो आणि घरात खायलाही कोणी बसत नाही, सैपाकघर कुठलं करता.

"म्हनजे बारा महिने आडचन," कंडक्टर म्हणाला.

"बारा दिवसात देतो," मिस्त्री म्हणाला, आणि सगळे इतके हसले की पलीकडचं कुत्रं उठून गेलं. मिस्त्रीचे बारा दिवस आम्ही सगळ्यांनी भोगलेत.

पण बारा असोत की तीस, घरात दोन वेळ सहा माणसं जेवतात, त्यांचं काय? कंडक्टरचा उपाय होता डबा लावायचा. गावात डबा कोण देतो म्हणे. गुरुजी म्हणाले, चूल आहे ना. मग चुलीवरच पेटले. गुरुजींच्या मते चूल मोडणं म्हणजे घराचं तोंड बंद करणं. पऱ्हाट्या फुकट, तुराट्या फुकट, सिलिंडर महाग, रोडगे गॅसवर होत नाहीत. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, फुका तुमी पानठेल्यावर बसून. तुमच्या माउलीचे डोये इचारा." 2016 साली उज्ज्वला आली तेव्हापासून गावात घरोघर शेगडी पोचली, आणि तरीही सिलिंडर पुरवून वापरायचं म्हणून पाणी तापवायला, डाळ शिजवायला चूल राहिलीच. माझं मत कंडक्टरच्या बाजूनं अर्धं आहे: चूल राहू द्या, पण छपराच्या आत नाही. परसात दोन टिनं टाका, तीन बाजू उघड्या ठेवा. काम चालू असताना सैपाक तिथं होईल, नंतर रोडगे आणि अंघोळीचं पाणी.

कामही अर्धं अर्धं करायचं ठरलं. एका भिंतीचं खरवडणं चालू असताना दुसऱ्या भिंतीला डबे, मग अदलाबदल. शेगडी तेवढे दिवस सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, टेबलावर.

उठता उठता मी नानाभाऊला विचारलं, "वैनीनं काय म्हटलं?"

"तिले काय इचाराचं? तिले काय समजते सिमिटातलं?"

दुसऱ्या दिवशी तो विचारून आला. चेहऱ्यावरून कळत होतं की बराच वेळ ऐकूनच घ्यावं लागलंय. वहिनीनं मॉड्युलरचं नाव काढलं नव्हतं. तिनं मागितलं ते असं: ओटा उंच नको, सिंक घरात पाहिजे, आणि लाइट डोक्यामागं नको, कारण आता कांदा चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते.

उंचीवर मिस्त्री अडला. "34 इंच. सारे तेच करतेत."

"तुहे सारे कोन?" गुरुजींनी विचारलं आणि नानाभाऊला ठेल्याच्या काउंटरपुढं उभं केलं. काउंटर छातीच्या जरा खाली. "थाप भाकर."

नानाभाऊनं रिकाम्या लाकडावर हात फिरवला. आधी हसत, मग खरंच जोर देऊन. कोपरं बाहेर गेली, खांदे कानाजवळ आले. पाचव्या 'भाकरी'ला त्यानं मान मोडली. मग गुरुजींनी त्याला पाइपाजवळ नेलं, तो मांडीपर्यंतच येतो. तिथं थापताना कंबर वाकली. उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपराच्या चारपाच इंच खाली ओट्याचा माथा यावा, असा साधा हिशेब. वहिनी पाच फुटांच्या आतबाहेर. तिला 32 खूप झाले. भाकर दाबून थापणाऱ्या बाईला तर इंचभर कमीच बरं. मिस्त्रीनं खिशातून टेप काढला, स्वतःचं कोपर मोजलं, आणि काही बोलला नाही.

बुढीचा प्रश्न वेगळा. तिला उभं राहवत नाही आणि गुडघ्यामुळं खालीही बसवत नाही. ओट्याच्या टोकाला खुर्चीइतक्या उंचीचा कडप्प्याचा बाक काढायचा, भाजी निवडायला आणि सुनेला सूचना द्यायला. वहिनीला हे दुसरं काम कळवलेलं नाही.

बाकीचं भराभर झालं. ओट्याचा माथा ग्रॅनाइटचा, फळ्या कडप्प्याच्या. कारण कडप्पा हा चुनखडीचा दगड, त्यावर लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की पांढरा डाग बसतो. फळीवर डबेच राहतात, तिथं चालतं. तोटी प्लास्टिकची, खाऱ्या पाण्यात चकचकीत तोटीचं तेज फार दिवस राहत नाही. सिलिंडर ओट्याखाली उभा, पण त्या खणाला दार नाही. गॅस हवेहून जड, गळला तर जमिनीलगत साचतो, त्याला निघायला वाट पाहिजे. नळी पाच वर्षं झाली की बदलायची. नानाभाऊच्या नळीवरचं साल वाचताच येत नाही, म्हणजे समजा.

शेगडीच्या जागेवर मात्र कंडक्टरनं खरी अक्कल दाखवली, ते मान्य केलं पाहिजे. उन्हाळ्यात 45 च्या वर पारा, सपरीच्या खिडकीत कूलर. कूलरची हवा कुठून तरी बाहेर जायला हवी, नाहीतर घरात नुसता दमटपणा. ती जाते सैपाकघराच्या खिडकीतून. म्हणजे दार आणि खिडकी यांच्या सरळ रेषेत शेगडी ठेवली की जाळ फडफडणार, आणि बाई कूलर बंद करणार, आणि बाहेरून नानाभाऊ ओरडणार. शेगडी रेषेच्या बाजूला सरकवली, खिडकीच्या वर एक्झॉस्ट. "एसटीत खिडकीपाशी 30 वर्स उभा होतो, हवा मले इचारा," कंडक्टर म्हणाला.

राहिलं सिंक. सिंक लावणं सोपं, पण पाणी जाणार कुठं? आजवर भांडी परसातल्या न्हाणीवर घासली जातात, ते पाणी आळूच्या वाफ्यात जातं. ओट्याची भिंत आहे उलट बाजूला, बोळाकडं. शोषखड्डा करावा तर काळी माती पाणी शोषत नाही, आठवड्यात तुंबतो. बोळातून नाली काढली तर ती चुलतभावाच्या भिंतीखालून जाते. आणि चुलतभावाशी नानाभाऊचं बोलणं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून बंद.

"मंग सिंकच नोको लावू," कंडक्टर.

"वैनीनं तीन गोष्टी मांगतल्या, त्यातली एक काटतं?" मिस्त्री म्हणाला. "मंग तिले सांगाले तूच जाय."

नानाभाऊ बराच वेळ खर्रा चघळत राहिला. "सकायी जातो त्याच्याकडं. गुरुजी, तुमी चाला संगं."

"धुऱ्याच्या येळी बी मीच आल्तो," गुरुजी म्हणाले. "दोघाइनं मलेच शिव्या देल्ल्या."