त्या लॅमिनेट केलेल्या बाँडवर हसू नका

आज दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला कागद. २००९ सालचा १०० रुपयांचा बाँड, म्हणजे स्टँपपेपरवर लिहिलेला प्लॉटच्या विक्रीचा करार. वर नोटरीचा लाल गोल शिक्का, खाली विकणाऱ्याचा निळा अंगठा. फाटू नये म्हणून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलेला. रजिस्ट्रीला आलेला एक शिकलासवरलेला माणूस तो बघून सोबतच्याला म्हणाला, "शंभर रुपयांत घर घ्यायला निघाले होते." दोघंही हसले.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

शंभर रुपयांत नाही घेतलं त्यांनी. १ लाख ४० हजार मोजले. मुकादमाची उचल फेडून ऊसतोडीच्या कोयत्यावर जे उरलं ते, आणि शेवटी बैलजोडी विकून आलेले. २० बाय ३० चा प्लॉट, म्हणजे ६०० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे हा धड गुंठाही नाही. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरापासून नांदेडपर्यंत शहरांच्या कडेला वस्त्याच्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. शेतकऱ्यानं किंवा एजंटानं शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, ना एनए (बिगरशेती परवानगी), ना मंजूर लेआउट, आणि "आत्ता बाँडवर करू, रजिस्ट्री नंतर लावून देतो" म्हणत प्लॉट विकले.

ती 'नंतर' कधी येत नाही. का येत नाही, हे त्या हसणाऱ्यानं ऐकायला हवं होतं. ठरल्याहून लहान तुकडा विकू न देणारा तुकडेबंदी कायदा आहे, शेतजमिनीचा एवढा तुकडा त्यात बसतच नाही. आज जिरायतीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र २० गुंठे आहे, बागायतीचं १०. अर्ध्या गुंठ्याचा दस्त घेऊन गेलात तर तो परत यायचा. नोंदणी विभागाच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकानं तर हे दार पार लावून टाकलं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं, आता सरकारही सूट द्यायला लागलंय. पण या सगळ्या वर्षांत ज्याच्याकडं लाख-दीड लाखच होते, त्यानं काय करायचं होतं? मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याला परवडत नव्हता, आणि परवडत होता त्याची रजिस्ट्री होत नव्हती. मग उरला बाँड.

मान्य, ऐपत असूनही निव्वळ मुद्रांक शुल्क वाचवायला बाँडवर व्यवहार करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

राग आहे तो सगळं माहीत असून बाँड करून देणाऱ्यांवर. नोटरी काय करतो? समोरच्या माणसानं सही केली, एवढंच सांगतो. जमीन कोणाची, बोजा आहे का, विकता येते का, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याचं कलम १७ सांगतं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलीच पाहिजे. सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की साठेखत (पुढं विकण्याचा करार) आणि मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही. आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर बिननोंदणीच्या करारावर नुसत्या ताब्याचं संरक्षणही मागता येत नाही. लोक म्हणतात, "घरपट्टी आपल्या नावावर आहे, लाईटबिल आपल्या नावावर आहे." असू द्या. त्यानं कर भरल्याचं कळतं, घर तुमचं झाल्याचं नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, सुद्धा तसाच.

त्या जोडप्याचं हेच झालंय. पोराला धंद्यासाठी कर्ज पाहिजे, बँकेनं सूची क्रमांक २, म्हणजे रजिस्ट्री झाल्याचा उतारा, मागितली. ती कुठून आणणार? विकणारा तीन वर्षांपूर्वी वारला. सातबाऱ्यावर यांचं नाव कधी लागलंच नव्हतं, त्यामुळं वारसाच्या फेरफारानं (नाव बदलाच्या नोंदीनं) तिघा मुलांची आणि दोघी मुलींची नावं लागली. आता मुलं म्हणतात, सहीचे ५०-५० हजार द्या. मुली म्हणतात, आम्हाला तर माहीतच नाही. मुलींचा मला राग येत नाही. २००५ पासून त्यांचा हिस्सा भावांइतकाच आहे. त्यांना विचारल्याशिवाय कोणीही काहीही लिहून देऊ नये.

आता तो जुना बाँडच नेऊन नोंदवता येईल का? नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दाखल करावा लागतो, पुढचे चार महिने दंड भरून. त्यानंतर खिडकी बंद. कमी मुद्रांकाचा दंड वेगळाच, महिन्याला तुटीच्या २ टक्के. सोळा वर्षांचे १९२ महिने, म्हणजे ३८४ टक्के. मूळ तुटीच्या चौपटीच्या वर जात नाही एवढंच. त्या बाँडमध्ये 'आजरोजी ताबा दिला' असं लिहिलंय, आणि ताबा दिला की साठेखतालाही खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क लागतं. २०२३ च्या डिसेंबरात अभय योजना आली होती, २०२० पर्यंतच्या दस्तांना सवलत होती. मुदत संपून गेली. या दोघांपर्यंत ती बातमी पोचलीच नाही.

नोंदणी महाग आहे, हे मीही म्हणतो. महापालिका हद्दीत १२ लाखांचं घर घेतलं तर मुद्रांक ५ टक्के आणि वर स्थानिक संस्थेचा १ टक्का, मिळून ७२ हजार. नोंदणी फी १ टक्का, १२ हजार. ती ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणून ३० लाखांच्या पुढं तेवढा दिलासा. झाले ८४ हजार. वर पानांमागं हाताळणी शुल्क, दस्त लिहिणाऱ्याचे आणि वकिलाचे वेगळे. सौदा ९ लाखांचा दाखवून उपयोग नाही. रेडीरेकनरनं, म्हणजे सरकारी दरानं, १२ निघाले तर शुल्क १२ वरच. हे सरकारी दर बदलले तर १ एप्रिललाच बदलतात, म्हणून मार्चअखेर तिथं एवढी झुंबड असते. घर राहायचं असेल आणि घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर १ टक्का सूट आहे, म्हणजे इथं १२ हजार वाचले. पण घरी आधी कोणाचं नाव सुचतं, तुम्हाला माहीतच आहे. नवऱ्याचं जोड नाव घातलं की सूट गेली.

हे पैसे दिल्यावर सुटलो असंही नाही. आपल्या मराठवाड्यात रजिस्ट्रीच्या आधीचं काम जास्त अवघड आहे, कारण आपल्या जमिनी निजामी कागदांतून आल्यात. नुसता आजचा सातबारा बघून इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. वरच्या कोपऱ्यात भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. 'इतर हक्क' ओळ न् ओळ वाचा. बँकेचा बोजा, कूळ, इनाम, वक्फ सगळं तिथंच बसलेलं असतं. मग एकेक फेरफार धरून मागं जा, थेट १९५४ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीपर्यंत. मदतमाश, खिदमतमाश असा इनाम जमिनीचा शब्द दिसला की थांबा. जुने कागद उर्दूत असतात. वाचता येत नाही म्हणून ते पान सोडलं आणि पुढं तिथंच घात झाला, असं पुष्कळदा होतं. ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून लेखी घ्या, पेपरात जाहीर प्रगटन द्या आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत पैसे हातचे सोडू नका. इसार बँकेतून द्या. २० हजार किंवा जास्त रोख इसार घेणाऱ्यालाच आयकराचा दंड बसतो, हे त्याला सांगा म्हणजे तो आपोआप चेक घेईल. सौदा ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी दोन ओळखदार, आधार, पॅन, चलन. घरी परतताना चतुःसीमा एकदा जागेवर जाऊन जुळवा. त्या बाँडमध्ये पूर्वेला 'रिकामी जागा' लिहिलंय. आज तिथं दुमजली घर आहे. असा दस्त कोर्टात कशाला लावायचा? आणि रजिस्ट्री झाली की फेरफार होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नोटीस निघते, १५ दिवस हरकतीचे, मग नोंद. नाव लागलं नाही तर उद्या विकणाऱ्याचे वारस लागतात, आजच्यासारखे.

त्या जोडप्याला रस्ताच नाही असं नाही. असे विनापरवाना प्लॉट नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात येतात. फाईल टाकता येईल, शुल्क भरावं लागेल. प्रमाणपत्रानं बांधकाम नियमित होतं, मालकी मिळत नाही. त्यासाठी पाचही वारसांच्या सह्यांचं खरेदीखत लागेलच. सही नाकारली तर दावा. बाँडमध्ये एक ओळ आहे, 'मागाल तेव्हा रजिस्ट्री करून देईन.' तारीख ठरलेली नाही, त्यामुळं तीन वर्षांची मुदत नकार कळल्यापासून मोजायची, आणि तो नकार आत्ता कुठं मिळालाय. त्या एका ओळीवर उभं राहता येईल.

उठताना त्या माउलीनं विचारलं, "मग ह्यो कागद काही कामाचाच न्हाई का? ठिवू का फाडू?" ठेवा माय. मूळच ठेवा.  पैसे दिल्याचा आणि कबूल केल्याचा तेवढाच पुरावा आहे. तिनं तो पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि दोघं बसस्टँडकडं निघाले.

तो हसणारा तोवर आपली रजिस्ट्री करून निघून गेला होता.