मागचे टायर रुंद करायचेत? कमानीची कड ठोकून जागा होत नाही

सध्या व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणणं असं: स्विफ्टसारख्या हॅचबॅकला मागे 185 (म्हणजे 185 मिमी रुंद) टायरच्या जागी थेट 215 टाका. चाकाच्या कमानीची आतली कड ठोकून वर वळवली की जागा होते. तरी घासलं तर 20 मिमीचा स्पेसर, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं तिथे मधे घालायची चकती, लावा. ग्रिप वाढते, ब्रेक लवकर लागतो, पावसात गाडी चिकटून चालते, आणि टायर बदलायला आरटीओला विचारावं लागत नाही. शेवटी अंगठ्याचे चार इमोजी.

आधी कडेचं बघू. टायर 30 मिमीने रुंद झाला की ऑफसेट (रिम गाडीला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते माप) तोच ठेवल्यास 15 मिमी बाहेर येतो आणि 15 मिमी आत जातो. आत काय असतं? शॉकअप, स्प्रिंगची बैठक, आतल्या कमानीचा पत्रा. कड ठोकून त्यांच्या बाजूला एक मिलिमीटरसुद्धा मिळत नाही. त्यात उंची वाढते ती वेगळीच. 185/65 आर15 (रुंदी 185 मिमी, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंच) चा व्यास 621.5 मिमी भरतो, 215/60 आर15 चा 639. म्हणजे टायरचा माथा कमानीकडे सुमारे 9 मिमी सरकला.

आणि ही सगळी मापं गाडी रिकामी, सपाट जागी उभी असतानाची. गॅरेजमध्ये बोट घालून ‘बसतंय की’ म्हणतात, ते याच अवस्थेत. गणपतीला मागे तिघं बसतात, डिकीत काय काय कोंबलेलं असतं ते सांगायला नको, आणि एक चाक खड्ड्यात आपटून पार वर जातं, तेव्हा टायर कुठे असतो ते बघायचं असतं. ते बघता येतं. डिकीत वजन टाका, मागचं एकच चाक उंच फळीवर चढवा आणि आत-बाहेर पुठ्ठ्याची पट्टी सरकवून बघा. पट्टी अडकली तर रस्त्यावर टायर घासणार. घासतो तो बहुतेकदा खांद्याशी किंवा साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला), आणि फाटलेल्या साइडवॉलला पंक्चरवालासुद्धा हात लावत नाही.

कड वळवण्याचा आणखी एक खर्च कुणी सांगत नाही. त्या कडेत बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो, वर सीलर असतो. ठोकल्यावर रंग तडकतो, सीलर उकलतो आणि चाकाने उडवलेलं पाणी थेट त्या सांध्यात जाऊन बसतं. रत्नागिरी-मालवणच्या हवेत तिथे गंज धरायला फार वाट बघावी लागत नाही.

स्पेसरचं गणित तर उलटंच आहे. 20 मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट 20 ने कमी. आत मूळ टायरपेक्षा 5 मिमी जास्त मोकळे होतात खरे, पण बाहेरच्या अंगाला टायर 35 मिमी पुढे येतो, म्हणजे ज्या कमानीवर घासत होता तिच्याच आणखी जवळ. शिवाय बेअरिंगवरचा भार बाजूला सरकतो, आणि नुसता मधे सरकवायचा स्पेसर असेल तर नटाला धरायला आटेच उरत नाहीत.

जागा खरोखर कशी करतात ते अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांकडे बघा. मस्टँग, कॅमॅरोसारख्या गाड्यांची आतली चाककमान कापून आत सरकवतात, लीफ स्प्रिंग आतल्या बाजूला घेतात, वेळ पडली तर अख्खा मागचा ॲक्सल कापून अरुंद करतात. डॉजने 2018 च्या चॅलेंजर डेमनला 315 मिमीचे टायर दिले, तेव्हा कड ठोकली नाही. फ्लेअर (कमानीवर बाहेरून बसणारी रुंद पट्टी) लावून गाडीच साडेतीन इंच रुंद केली.

आता ग्रिप. पोर्शे 911 करेरा एसला पुढे 245 आणि मागे 305 असतात, हे खरं. पण तिचं इंजिन मागे, ओढ मागच्या चाकांना. स्विफ्टची पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. मागे रुंद टायर टाकून ब्रेक लवकर कसा लागणार? पुढचे टायर होते तेच राहिले. उलट वळणावर मागची पकड वाढून गाडीचं नाक आणखी बाहेर जायला लागतं. वर पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येत नाहीत, आणि स्टेपनी एकाच जोडीला जुळते.

पावसाचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा, कारण लोकांना तो पटतो. रस्त्यावर 3 मिमी पाणी आणि वेग ताशी 80 धरला, तर रस्त्याला टेकणारा पट्टा 30 मिमीने वाढला की दर सेकंदाला सुमारे दोन लिटर पाणी जास्त बाजूला सारावं लागतं. सारखे टायर असताना मागचं चाक सरळ रस्त्यावर पुढच्याने साफ केलेल्या वाटेवरून जातं. मागचा रुंद झाला की त्याच्या कडा न सारलेल्या पाण्यात. तरंगलंच तर मागचं चाक आधी तरंगणार, आणि मग गाडी फिरते. पुढचं तरंगलं तर निदान सरळ तरी जाते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांविषयी आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण प्रत्येक टायरबदल म्हणजे गुन्हा, असंही नाही. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 येतो, वरच्याला 185/65 आर15. दोघांच्या व्यासात दोन मिमीचाही फरक नाही. खालचं मॉडेल असेल आणि टायर रुंदच हवा असेल, तर वरच्या मॉडेलची रिम आणि टायर चारही चाकांना बसवा. ती जागा कंपनीनेच मोजून ठेवलेली आहे.