सीट ब्लॉक करून ठेवू का, सर?

काल एका खासगी विद्यापीठातून फोन आला. "सर, तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला आहे ना? सीट ब्लॉक करून ठेवू?" आवाज ओळखीचा वाटला. तेव्हापासून वाटतंय, आपल्या अनुभवाचा फायदा चार लोकांना व्हावा. तर ऐका.

खासगी विद्यापीठ बघायला गेलात तर 'शिकवतं कोण?' असले गावंढळ प्रश्न विचारू नका. काचेची इमारत बघा, हिरवळीवर फोटो काढा, 'हायेस्ट पॅकेज' ऐकून मान डोलवा.

मुलींच्या शंभर टक्के फीमाफीचा २०२४ चा शासन निर्णय स्टेटसला जरूर ठेवा. त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलीत, ही ओळ वाचू नका.

सरकारी विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा दाखला, आणायला जाताना डबा न्या.

निकालाची घाई करू नका. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, तर निकाल इतके रखडले की कुलगुरूंनाच घरी जावं लागलं. पोरं बिचारी तिथेच.

आणि खासगीत पन्नास हजार भरून सीट जरूर ब्लॉक करा. आम्ही केली, भाचीसाठी, २०२४ साली. भरेपर्यंत काउन्सेलर ताईंचे दिवसाला सहा फोन. ऑगस्टमध्ये कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत, तिला सरकारी कॉलेज मिळालं, आम्ही प्रवेश रद्द केला, आणि ताईंचा फोन लागेना. अकाउंट्सला मेल करा. केला. मूळ पावती आणा. दिली. आता म्हणे 'टोकन अमाउंट नॉन-रिफंडेबल' असते. कुठल्या नियमानं? त्या वर्षी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, लेखी बजावलं होतं: ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केलं तर फार तर हजार रुपये कापायचे. हा कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला!

लाज वाटत नाही का? आणि सरकारला तरी वाटते का? स्वतःच्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्या पोरांना तासिका तत्त्वावर राबवायचं, त्यांचं मानधनही थकवायचं, आणि तिकडे विधिमंडळात आणखी एका खासगी विद्यापीठाचं विधेयक मंजूर! कॅपमध्ये नंबर लागेल की नाही या धास्तीनं आईबाप पैसे भरतात, हे तुम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

ताई, धाकट्याच्या सीटचं नंतर बघू. आधी भाचीचे पन्नास हजार टाका.