फुटबॉलपटूंनी लांब पळू नये? त्या फॉरवर्डला उत्तर

‘फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी जरूर वाचावे’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फुटबॉल हा छोट्या स्प्रिंटचा खेळ, दम वाढवायला पळणं त्यात फुकट, त्यानं वेग मरतो, गुडघे झिजतात, वाढत्या मुलांची उंची खुंटते, आणि हृदय ‘फुगून’ खेळाडू भर मैदानात कोसळतात. त्यापेक्षा मुलांना फक्त जिम आणि छोट्या स्प्रिंट द्या. खाली पुरावा म्हणून मैदानात कोसळलेले दोन फुटबॉलपटू, डेन्मार्कचा एरिक्सन आणि कॅमेरूनचा फोए, यांचे फोटो. हे माझ्या ताईपर्यंत पोहोचलं आणि तिनं भाच्याचा सराव बंद केला. धडधाकट मुलगा घरी बसलाय. म्हणून हृदयाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथं होतंय.

मार्क-व्हिव्हियन फोए २००३ साली ल्योंमध्ये कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात निघाली हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार. तो बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. पळून पळून होत नाही. ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. मैदानातच सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा, शॉक मिळाला म्हणून वाचला. छातीत आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले तर आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र, बसवलं आणि २०२२ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये परत खेळायला लागला. ज्याचा फोटो ‘पळण्यानं माणूस मरतो’ म्हणून लावलाय, तो माणूस उपचार घेऊन पुन्हा ९० मिनिटांच्या खेळात उतरला, हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

दमाच्या सरावानं हृदय मोठं होतं का? होतं. डाव्या कप्प्याची पोकळी वाढते, एका ठोक्यात जास्त रक्त फेकलं जातं, म्हणून मुरलेल्या खेळाडूची बसल्या जागची नाडी ५० च्या आसपास किंवा त्याखालीही असते. सराव सुटला की हा बदल बराचसा ओसरतो. फोएच्या आजारात भिंत जाड होते आणि पोकळी सहसा आक्रसते. दोन्हीला ‘हृदय मोठं झालं’ म्हणून एकाच पोत्यात भरणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि लोक त्याला घाबरून मुलांना घरी बसवतायत.

यात एक गोष्ट खरी आहे. ज्याच्या हृदयात असा आजार आधीच लपलाय, त्याला जोराच्या श्रमात धोका असतो. पण मग पालकांना सांगायला हवं ते हे: पळताना अचानक शुद्ध हरपली, श्रम करताना छातीत दुखलं, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांकडं जा, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. अंगात ताप असताना मुलाला मैदानात पाठवू नका, कारण विषाणूंमुळं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. मैदानावर डिफिब्रिलेटर आहे का, तो वापरायला कुणाला येतो, हे क्लबला विचारा. सरसकट सगळ्यांना थांबवायला निघालेल्या या मेसेजात, नेमकं कुणाला थांबवायचं याबद्दल एक ओळ नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

आता ‘फुटबॉल म्हणजे स्प्रिंट’. मोठ्यांच्या सामन्यात गोलकीपर सोडला तर खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो, आणि त्यात खऱ्या स्प्रिंटचा वाटा थोडाच. शिवाय एक स्प्रिंट झाल्यावर दुसरी मारायची ताकद येते कुठून? स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जेचा, साठा काही सेकंदांत संपत येतो आणि तो पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो. कॉर्नर फ्लॅगपर्यंत धावून गेलेला विंग-बॅक (कडेनं वर-खाली पळणारा बचावपटू) बॉल गेल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला राहतो की लगेच मागं फिरतो, हे त्याच्या दमावर ठरतं.

याची थेट चाचणी झालेली आहे. नॉर्वेत हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी तरुण, वरच्या दर्जाच्या खेळाडूंवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चार मिनिटं कमाल हृदयगतीच्या ९०–९५ टक्क्यांवर पळायचं, म्हणजे इतकं की एक वाक्यही सलग बोलता येऊ नये. मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग. असं चार वेळा. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. व्हीओ२ मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचं माप, सरासरी ५८.१ वरून ६४.३ वर गेला. सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, बॉलशी संबंध येण्याचे प्रसंग २४ टक्क्यांनी वाढले, आणि स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली. दमाचा सराव केला आणि स्प्रिंट वाढल्या! वेग, उडी, ताकद, किकचा जोर आणि अचूकता यांत फरक पडला नाही, म्हणजे घटही झाली नाही. खेळाडू अवघे १९ होते, हे मान्य. पण मेसेजवाल्याकडं एकाचीही मोजणी नाही.

वेगाच्या मुद्द्यावर थोडं मागं यावं लागेल. हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात ताकदीच्या व्यायामाबरोबर आठवड्यातले सहा दिवस दमाचा व्यायाम दिला, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत ताकदीची वाढ थांबून उलट घसरण दिसली. तेव्हा रोज तासभर एकाच संथ लयीत मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा कोच असेल, तर तक्रार रास्त आहे. पण ती सरावाच्या प्रमाणाबद्दल आणि पद्धतीबद्दल झाली. आठवड्यातून दोन जोरदार सत्रं आणि रोजचं रटाळ पळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गुडघ्यांचं उत्तर छोटं आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि हौशी धावपटूंत ३.५ टक्के आढळला. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत तो १३.३ टक्के होता, तेवढं खरं. पण फुटबॉलपटूचा गुडघा मुख्यतः लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) आणि मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) यांच्या दुखापतींनी खराब होतो.

पळण्यानं उंची खुंटते याला आधार नाही. झपाट्यानं वाढणाऱ्या मुलांच्या टाचेला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. तेव्हा सराव कमी करायचा, दुखणं ओसरतं. सराव भरपूर आणि जेवण अपुरं असेल तर मात्र वाढीवर परिणाम होऊ शकतो. तिथं ताट वाढवायला हवं.

राहिला ‘फक्त जिम आणि छोट्या स्प्रिंट’ हा सल्ला. जिम हवंच. पण हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूंच्या) दुखापती दोन्ही हाफच्या शेवटच्या टप्प्यात जास्त होतात, म्हणजे खेळाडू थकलेला असतो तेव्हा. दम नसलेल्या मुलाला फक्त स्प्रिंट शिकवून ८० व्या मिनिटाला पूर्ण वेगानं पळायला लावणं म्हणजे त्याच दुखापतीला बोलावणं.