सीटिंग डायमुळे बुलेटवर वळ पडतो, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय नीट वाचला, फोटो मोठे करून पाहिले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. सीटिंग डाय म्हणजे रायफलचं काडतूस स्वतः भरताना प्रेसमध्ये लावून केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) तोंडात बुलेट बसवायचं साधन, आणि स्टेम म्हणजे तिच्या आतला, बुलेटचं नाक दाबणारा दांडा. आमच्या सीटिंग डायने सुरुवातीचे काही महिने चोख काम दिलं. आता प्रत्येक बुलेटवर टोकाच्या थोडं खाली गोल वळ उमटतो आणि काहींवर तो नखाला लागतो. डायचं पोलाद हलकं आहे, आतला स्टेम झिजून धारदार झालाय, आणि फोनवर आमच्या माणसाने ‘याने नेम बिघडत नाही’ एवढंच सांगून बोळवण केली, असं तुम्ही लिहिलंय. एक तारा.

आधी फोनवरच्या उत्तराबद्दल. अंगठ्याने पुसली तर जवळजवळ दिसेनाशी होते अशी फिकट चकाकती रेघ असेल, तर त्याने निशाणाच्या कागदावर गोळ्यांचा जो गट पडतो त्यात फरक पडत नाही. असल्या रेघा भल्याभल्यांच्या काडतुसांवर असतात. पण तुमच्या फोटोतला वळ त्यातला नाही. तिथे जॅकेट, म्हणजे बुलेटचं बाहेरचं आवरण, दबलंय. जॅकेट बहुधा 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्ताचं असतं, पोलादापुढे ते मऊच. ते इतकं दबतं तेव्हा स्टेमला गरजेपेक्षा जास्त जोर लावावा लागतोय, एवढं नक्की. तो जोर कुठून येतो, हा खरा प्रश्न आहे.

स्टेम झिजून धारदार होत नाही. मऊ तांब्यावर घासून पोलादाची कड गेलीच तर गुळगुळीत होत जाते. डाय तीच, स्टेम तोच, आधी वळ नव्हता आणि आता आहे. मग मधल्या काळात बदललं काय? ते तुम्हीच लिहिलंय, फक्त तक्रारीच्या परिच्छेदात नाही, खाली ‘बाकी सेटअप’मध्ये: लांब, टोकदार बुलेट घ्यायला लागलात, आणि केसेस आता पाण्यात स्टीलच्या पिना घालून धुता. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, म्हणून दोष डायवर आला.

तुमच्या तिसऱ्या फोटोत केसच्या तोंडाशी तांब्याचा बारीक कीस दिसतो. मला वळापेक्षा तो कीस जास्त बोलका वाटला. ओल्या धुलाईत केसचं तोंड एकमेकांवर आणि पिनांवर आपटतं आणि कडेला बारीक बर (धातूची खरखरीत कड) येते. शिवाय नेकच्या (केसच्या मानेच्या) आतला काजळीचा थर साफ निघून जातो. दिसायला केस सोन्यासारखी होते, पण तो काजळीचा थरच बुलेट सरकायला मदत करत असतो. कोरडं, लख्ख पितळ बुलेटला पकडून ठेवतं, बर तिचं अंग खरवडते, आणि मग प्रेसच्या हँडलवर जो जोर येतो तो सगळा स्टेमच्या कडेवरून बुलेटच्या नाकावर उतरतो. घट्ट बरणीचं झाकण फिरवताना हाताला वळ पडतो, त्यात दोष हाताचा नसतो.

म्हणून स्टेमला हात लावण्याआधी हे करून पाहा. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर दोन्ही नसलेली, फक्त साइझ केलेली, म्हणजे डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणलेली केस घ्या. प्रयोग नेहमी अशाच केसवर करायचे. तोंडाला आतून चॅम्फर द्या, म्हणजे कड तिरकी करा. लांब बुलेटसाठी उथळ, निमुळत्या कोनाचं चॅम्फर टूल मिळतं, ते चांगलं. मग नायलॉनच्या ब्रशला किंचित कोरडं ग्राफाइट लावून नेकच्या आतून फिरवा आणि बुलेट बसवा. हँडल लोण्यासारखं खाली गेलं आणि वळ फिका पडला, तर उत्तर तिथेच मिळालं. माझा अंदाज विचाराल तर निम्म्याहून अधिक काम इथेच होईल.

त्याच बैठकीत नेकची पकडही मोजून घ्या. साइझ केलेल्या नेकचा बाहेरचा व्यास आणि बुलेट बसवल्यानंतरचा व्यास यांत बोल्ट रायफलसाठी 0.002 इंच, म्हणजे 0.05 मिलिमीटर फरक सहसा पुरतो. सेमी-ऑटोला थोडी जास्त पकड लागते. पण 0.004 किंवा 0.005 इंच दिसला, तर पकड त्या प्रमाणात वाढत नाही. पितळ नुसतं ताणलं जातं आणि बुलेट बसवायला जोर तेवढा वाढतो. बुशिंग (साइझिंग डायमधली नेक दाबणारी रिंग) एक नंबर मोठं घ्या, किंवा साइझिंगनंतर मँड्रेलने (नेकच्या आतून घालायच्या मापाच्या दांड्याने) नेक एकसारखी करा. पितळ बऱ्याचदा वापरलेलं असेल तर ॲनीलिंगचाही (नेक तापवून मऊ करण्याचाही) विचार करा, कडक झालेली नेक प्रत्येक केसमध्ये वेगळा जोर मागते.

आता बुलेट. इथे तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. डायसोबत येणारा स्टेम सर्वसाधारण आकाराच्या बुलेटचा विचार करून घडवलेला असतो. लांब, बारीक नाकाच्या बुलेटचा उतार वेगळा असतो, त्यामुळे स्टेमच्या आतला शंकू तिच्यावर पसरून टेकत नाही, फक्त तोंडाची कड टेकते. तोच जोर रुंद पट्ट्याऐवजी एका रेघेवर येतो. तपासणं सोपं आहे. बुलेटच्या उतारावर काळ्या मार्करने रंग द्या, स्टेम डायमधून काढून हातात धरा, बुलेट आत दाबून किंचित फिरवा. रंग रुंद पट्ट्यात निघाला तर आकार जुळतोय, बारीक रेघेत निघाला तर नाही. टोकही पाहा. तिथे चपटा ठिपका दिसला तर बुलेट टोकाने स्टेमच्या तळाला टेकतेय. हे सगळ्यात वाईट, कारण टोकं एकसारखी नसतात आणि मग प्रत्येक बुलेट वेगळ्या खोलीवर बसते. अशा वेळी तळाचं भोक खोल करावं लागतं.

नाकावरचा वळ आणि केसच्या तोंडापाशी पडलेला चरा यांची गल्लत करू नका. दुसरा प्रकार बहुधा क्रिंपचा, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर दाबून मिटवण्याचा असतो. डायची बॉडी फार खाली बसवली की बुलेट अजून सरकत असतानाच तोंड मिटायला लागतं. बॉडी एक फेरा वर घ्या आणि क्रिंप करायचाच असेल तर वेगळ्या टप्प्यात करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण वळापेक्षा तीच महत्त्वाची. नवी बुलेट लांब आहे, म्हणजे तेवढ्याच एकूण लांबीच्या काडतुसात ती केसमध्ये जास्त आत जाते. जुन्याच मापाची पावडर भरत असाल तर ती आता दाबली जात असेल. बसवताना करकर ऐकू येते का? दबलेल्या पावडरने हँडल जड होतं आणि वळ पडतो, हे खरं. पण केसमधली जागा कमी झाली की दाबही वाढतो, आणि तिथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही. त्या बुलेटसाठी छापील मॅन्युअलमध्ये दिलेला डेटा काढा आणि सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढत या. जुन्या बुलेटचं माप नव्या बुलेटला लावू नका. हे तपासेपर्यंत भरून ठेवलेली काडतुसं झाडू नका.

स्टेम ड्रिलमध्ये लावून स्वतः घासायचा तुमचा विचार आहे असं दिसतं. मी अडवणार नाही. 600 नंबरच्या पॉलिश कागदाने (सँडपेपरने) आतली कड नुसती मोडायची, मग त्याहून बारीक कागद, मग पॉलिश. आकार बदलायचा नाही, धार घालवायची. काहीजण लॅपिंग कंपाउंड (घासायची पेस्ट) लावून बुलेटच स्टेममध्ये फिरवतात. त्याने आकार छान जुळतो, पण मग तो स्टेम त्याच बुलेटचा होतो. नंतर प्रत्येक कण धुऊन काढा. डायमध्ये राहिलेले कण पुढच्या प्रत्येक बुलेटवर ओरखडे काढतील. आणि स्टेम बदलला किंवा घासला की जुनी सेटिंग बाद समजा. डाय नव्याने लावा आणि खोली कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायच्या मापपट्टीने), काडतुसाच्या बुडापासून बुलेटच्या नाकाच्या उतारापर्यंत मोजा. टोकापर्यंत मोजलेली लांबी इथे फसवते.

घासायचं नसेल तर तुमच्या बुलेटच्या आकाराचा स्टेम आम्ही कापून देऊ. त्यासाठी सध्याचा स्टेम आणि त्याच लॉटमधल्या, केसमध्ये न बसवलेल्या तीन-चार नुसत्या बुलेट पाठवा. डायची बॉडी आणि लॉक रिंग तुमच्याकडेच ठेवा, त्यांचं काम नाही. मार्करने रंगवलेली एक बुलेट, म्हणजे रंग कुठे निघालाय ते दिसेल अशी, सोबत असली तर आमचा अर्धा वेळ वाचेल. भरलेलं काडतूस मात्र नमुना म्हणूनही पार्सलमध्ये घालू नका, आम्ही ते स्वीकारत नाही.