मामीकडे तारीख नव्हती

परवा साताऱ्याहून मामेभावाचा फोन आला. म्हणाला, "तुमच्याकडे सैन्य बाहेर पाठवायचं तर राष्ट्राध्यक्षाला आधी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, विचारावं लागतं. आपल्याकडे अशी मतं मागत बसलो तर शत्रू दारात येईल." मी अठरा वर्षं न्यू जर्सीत राहतो, इथं मतदान करतो. मला यातलं काहीच पटलं नाही.

युद्ध पुकारण्याचा अधिकार इथल्या राज्यघटनेनं काँग्रेसला दिला आहे, पण काँग्रेसनं तो रीतसर वापरला तो शेवटचा १९४२ साली. कोरियाच्या युद्धात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी विचारलंच नाही. व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून कायदा झाला: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीला फार तर आणखी ३० दिवस. २०११ मध्ये लिबियात हे साठ दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनानं 'कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच' असा अर्थ लावला. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहानं काय केलं? एकाच दिवशी परवानगीही नाकारली आणि पैसा रोखायलाही नकार दिला. मला राष्ट्राध्यक्षांपेक्षा या सभागृहाचा जास्त राग येतो.

तरीही हा कायदा मला हवा आहे. साठावा दिवस आला की आपल्या प्रतिनिधीला जाब विचारता येतो. भारतात तो दिवसच नाही. आणीबाणीच्या घोषणेला महिन्याभरात संसदेची मंजुरी लागते. सैन्य परदेशी पाठवायला मात्र मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. दारात आलेल्या शत्रूशी लढायला कुणाला विचारू नये, हे मलाही मान्य आहे. इथंही हल्ला परतवताना राष्ट्राध्यक्ष थांबत नाहीत. मी बोलतोय ते दुसऱ्याच्या भूमीवर जाण्याबद्दल.

१९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. शेवटची तुकडी परतली १९९० च्या मार्चमध्ये. सुमारे बाराशे जवान मारले गेले. संसदेत चर्चा झाल्या, पण त्यांना पाठवायला संसदेचा कौल लागला नव्हता. मामा तेव्हा जाफन्यात होता. हाच मामेभाऊ सहा वर्षांचा होता आणि बाबा कधी येणार, असं रोज विचारायचा. मामीकडे सांगायला तारीख नव्हती.